वाफेची घड्याळं

तात्या कुठलंही मीटर आधी कानानं बघायचे. ट्रॅक्टरचं स्पीडोमीटर असो, ऑइलचं असो, नाहीतर कुणाच्या मोटरसायकलचं असो. मधल्या बोटाच्या पेरानं काचेवर दोनदा टकटक करायचे, मान तिरकी करायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. बाजारात कलिंगड घेताना माणसं करतात तसं. मग निकाल द्यायचे, "काटा चिकटलाय," किंवा "आतली स्प्रिंग गेली." उघडून बघावं तर बहुतेक वेळा तेच निघायचं. एखाद्या वेळी चुकलं, तर शांतपणे म्हणायचे, "मग आज माझा कान चिकटलाय."

वडवणीत एसटी स्टँडासमोर त्यांची पत्र्याची टपरी होती. उसाच्या हंगामात माजलगावकडे जाणारे ट्रॅक्टर तिच्यासमोर उभे राहायचे. ड्रायव्हर लोक मीटर दुरुस्तीला नाखूश असायचे. "मीटर नसलं तरी ट्रॅक्टर पळतोच की, तात्या." तात्या हातातला स्क्रू दातात धरून म्हणायचे, "पळतो रे. थांबायचं कधी, ते कळत न्हाई." एवढं बोलून ते पुन्हा कामाला लागायचे. माझ्या वडिलांचे दोन ट्रॅक्टर होते, म्हणून ही बोलणी मी लहानपणापासून ऐकलेली.

तात्या वीस वर्षं हवाई दलात होते. विमानात पायलटच्या समोर गोल गोल घड्याळं असतात, ती उघडायची, साफ करायची, जुळवायची, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन गावी आले आणि तेच हात ट्रॅक्टरला लावले. यात खरं तर हसण्यासारखं काहीच नव्हतं. पण तात्यांनी एक चूक केली. गावी आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात, स्टँडासमोरच्या हॉटेलात चहा पिताना त्यांनी सांगून टाकलं की आमचे पायलट त्या जुन्या काट्यांच्या घड्याळांना स्टीम गेज म्हणायचे. म्हणजे वाफेची घड्याळं.

झालं. शेजारच्या बाकावर अण्णा बसले होते. अण्णा म्हणजे गावातले पुढारी, तेव्हा नुकतेच बाजार समितीवर निवडून आलेले. त्यांनी कप खाली ठेवला आणि विचारलं, "मग तात्या, इमानात कोळसा कोन टाकतंय बे?" सगळं हॉटेल हसलं. तात्या समजावून सांगायला लागले. वाफ नसते हो. जुन्या आगगाडीच्या इंजिनात तशी घड्याळं असायची, म्हणून पायलट लोकांनी चेष्टेनं ठेवलेलं नाव आहे ते. आत कुठं हवेचा दाब असतो, कुठं गरगर फिरणारा भोवरा असतो. पण जितकं समजावलं तितकं ते चिकटत गेलं. त्या दिवसापासून ते गावाचे वाफतात्या झाले, आणि त्यांनी काहीही सांगितलं की कुणीतरी म्हणायचंच, "जाऊ द्या तात्या, कशाला तोंडाची वाफ दवडता."

एकदा चिडून त्यांनी घरून हवाई दलाचा कागद आणला. त्यावर स्वच्छ इंग्रजीत लिहिलं होतं, इन्स्ट्रुमेंट फिटर. हॉटेलातल्या एका शहाण्यानं तो मोठ्यानं वाचला आणि पहिला शब्द गिळला. "फिटर लिवलंय की. आमच्या बोरला बी फिटर येतो, पाइप बसवायला." म्हणजे तात्या विमानतळावर नळ बसवत होते, असा निकाल लागला. तात्यांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि पुन्हा कधीच बाहेर काढली नाही. मोबाइल आला, सगळ्यांच्या खिशात आला, पण कुणी शोधून पाहिलं नाही. चेष्टेची गोष्ट तपासून बघायची कुणाला गरज वाटत नाही.

मी अकरावीत असताना घरी जाहीर केलं की मला विमान चालवायचंय. आईनं कपाळावर हात मारला. वडील दुसऱ्या दिवशी मला तात्यांच्या टपरीवर घेऊन गेले आणि म्हणाले, "हिला काय खूळ लागलंय ते बघा जरा." वडील चहा प्यायला गेले. तात्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि एकच प्रश्न विचारला, "गणित कसं हाय?" बरं आहे म्हटलं. "बरं चालत न्हाई. लई बरं पायजे. उद्यापासून ये."

त्यांनी भंगारातून सहा घड्याळं जमवली, प्लायवूडच्या फळीवर तीन वर, तीन खाली अशी बसवली. काटे बोटानं फिरवता येतील असे. प्रत्येकाचं खरं इंग्रजी नाव पाठ करून घेतलं, आणि मग म्हणाले, "आता आपली नावं." विमान आडवं आहे की कललंय ते दाखवणारं घड्याळ म्हणजे बांध, कारण त्यात जमीन आणि आभाळ यांच्यामधली रेघ असते. उंची दाखवणारं म्हणजे माळवद, घरावरचं मातीचं सपाट छत. वेग दाखवणारं म्हणजे वारा. वर चाललोय की खाली, ते सांगणाऱ्याला ते पाहुणा म्हणायचे, कारण तो काटा जरा उशिरा पोचतो. "वर गेलं की लगेच सांगत न्हाई ह्यो. निवांत येतो. त्याच्या नादी लागशील तर गोते खाशील."

दोन वर्षं रोज संध्याकाळी तासभर मी त्या फळीसमोर बसले. ते काटे फिरवायचे आणि विमानाचं काय चाललंय ते मी सांगायचं. "बांधावर ये. मग माळवदाकडं जा. परत बांधावर ये. मग वाऱ्याकडं बघ. परत बांधावर. एका ठिकानी नजर रुतली की मेलीस." मी चुकले की ओरडायचे नाहीत. हात थांबवायचे आणि वाट बघायचे, ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. आणि एक वाक्य तर मला झोपेत ऐकू यायचं, "एकट्या काट्यावर इस्वास ठेवायचा न्हाई. पाच एक म्हनत असले आन सहावा दुसरं म्हनत असला, तर सहाव्याचं चुकलंय." मला ते बोलणं तेव्हा फार आवडायचं. पुढं गाव एक म्हणत होतं आणि तात्या एकटे दुसरं म्हणत होते, तेव्हा मात्र हे वाक्य मला नको तिथं उपयोगी पडलं.

विमान शिकवणाऱ्या संस्थेत माझा नंबर लागला. पहिल्याच दिवशी तिथले शिक्षक म्हणाले, "पहिले काही महिने तुम्ही सगळे स्टीम गेजवर उडणार. काचेचे पडदे, म्हणजे कॉम्प्युटरचे स्क्रीन, नंतर." मी मोठ्यानं हसले. वर्गातल्या सगळ्यांनी वळून पाहिलं. त्यांना वाटलं ही खेड्यातली मुलगी हा शब्द पहिल्यांदा ऐकतेय. मी हसत होते ते आनंदानं. कोळसा टाकणाऱ्या अण्णांचा, पाइप बसवणाऱ्या शहाण्याचा, सगळ्या हॉटेलाचा त्या एका शब्दानं निकाल लागला होता.

संध्याकाळी मी तात्यांना फोन केला. सांगितलं, तात्या, इथं सगळे स्टीम गेजच म्हणतात हो, शिक्षकसुद्धा. ते म्हणाले, "मला म्हाईतच हाय की ते. पन पोरी, तू आलीस की एकदा लोकान्ला सांग. माझं न्हाई ऐकत. कावून की मी कोन? तुझं ऐकतील." इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडं मागितलेली ही एकच गोष्ट. मी म्हटलं, सांगते की, त्यात काय, सगळ्या गावासमोर सांगते.

पुढच्या वर्षी मी शिक्षकांसोबत ढगात उडत होते. बाहेर पांढऱ्याशिवाय काही दिसत नव्हतं. समोरचा बांध हळूहळू एका बाजूला कलायला लागला. बाकीची घड्याळं सांगत होती, आपण सरळ चाललोय. मी बांधाकडं बघणं सोडलं, उरलेल्यांवर विमान धरलं आणि शिक्षकांना सांगितलं की हे घड्याळ गेलंय. खाली उतरल्यावर त्यांनी पाठ थोपटली आणि विचारलं, इतक्या लवकर कसं ओळखलंस, कुणी शिकवलं? मी म्हटलं, पुस्तकात वाचलं होतं. टपरी, फळी, बांध, माळवद, हे सगळं त्यांना सांगायची मला लाज वाटली. खोटं कशाला बोलू, माझी पहिली चोरी ती. पण तिथं तात्या ऐकायला नव्हते, म्हणून मी ती मोजली नाही.

मला नोकरी लागली आणि गावानं सत्कार ठरवला. मंगल कार्यालय, लाउडस्पीकर, फेटे, सगळं. लोक मला कॅप्टन म्हणत होते. मी साधी को-पायलट होते, पण मीही दुरुस्ती केली नाही. अंगात गणवेश होता, खांद्यावर पट्ट्या होत्या, आणि खुर्च्यांच्या दुसऱ्या रांगेत इस्त्रीचा पांढरा सदरा घालून तात्या बसले होते. त्यांनी मला बघून मान हलवली. आज सांगणार ना, असं ती मान विचारत होती. मीही मान हलवली. देवाशपथ, तोवर माझ्या मनात सांगायचंच होतं.

अण्णा भाषणाला उठले. आता ते माजी सभापती होते आणि आवाज आणखी मोठा झाला होता. लेकीबाळींवर बोलून झालं, जिल्ह्याच्या नावावर बोलून झालं, मग त्यांची नजर दुसऱ्या रांगेवर गेली. "आता आपल्या घरचीच कॅप्टन हाय. एकदाचा सोक्षमोक्ष लावून टाकू. बाई, तूच सांग सगळ्यान्ला, इमान वाफंवर चालतं का?" आणि माइक माझ्या हातात दिला. सगळं कार्यालय आधीच हसायला लागलं होतं.

दोन वाक्यांचं काम होतं. वाफेची घड्याळं हा खरा शब्द आहे, आणि मला विमान शिकवणारा पहिला माणूस तिथं बसलाय. दोन वाक्यं. पण पाचशे माणसं हसायला तोंड उघडून बसली होती, आणि मला त्यांच्या बाजूनं उभं राहावंसं वाटलं. अण्णांना सगळ्यांसमोर खोटं पाडलं तर कार्यक्रमाचा रंग जाईल, असंही वाटलं. आणि खरं सांगायचं तर मला एक विनोद सुचला होता. मी म्हणाले, "वाफेवर इडली होते, अण्णा."

सगळं कार्यालय हसून कोसळलं. अण्णांनी टेबलावर थाप मारली. मागची पोरं शिट्ट्या मारायला लागली. मी तात्यांकडं पाहिलं. ते हसत होते. सगळ्यांसोबत, अगदी वेळेवर, टाळ्या वाजवत हसत होते. मी स्वतःला सांगितलं, बघ, त्यांना काही वाटलेलं नाही. जेवणं झाली, फोटो झाले. गर्दीत तात्या भेटले नाहीत, आणि मी शोधलंही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी होती.

महिनाभरात वडिलांच्या फोनवरून कळलं की वाफतात्या हे नाव मागं पडलं. आता त्यांना इडलीतात्या म्हणत होते. आठवडी बाजारात माणसं टपरीत डोकं घालून विचारायची, "तात्या, दोन प्लेट हाय का?" मी वडिलांना म्हटलं, तुम्ही सांगा ना लोकांना. वडील म्हणाले, "मी काय सांगू? मला काय कळतं त्यातलं? तूच सांगितलंस की माइकवर." फोन करीन, फोन करीन म्हणत मी सहा महिने काढले. ड्यूटी होती हे खरं, पण ड्यूटीवरून मी बाकी सगळ्यांना फोन करत होते.

सुट्टीत गावी गेले तेव्हा वडिलांनी जे सांगितलं, ते ऐकून माझा घास तोंडातच राहिला. सत्कारानंतर हॉटेलात वेगळीच कुजबुज सुरू झाली होती. तात्या इतकी वर्षं एकच गोष्ट सांगतोय, मग पोरीलाच माहीत नसेल. खरीच पायलट हाय का नुसता ड्रेस घालून आली? विमानात चहा देणाऱ्या पोरींना बी तसाच ड्रेस असतो. दोघांतलं एक कुणीतरी खोटं बोलतंय, हे गावाच्या लक्षात आलं होतं. एके दिवशी अण्णांनी तात्यांनाच समोर बसवलं आणि विचारलं, "सांगा तात्या, पोरगी खोटी का तुमी?" तात्यांनी चहा संपवला आणि म्हणाले, "मी खोटा. मी मेसमध्ये भांडी घासायला व्हतो. ती घड्याळं मी लांबून बघितली. पोरगी बराबर हाय."

मी तशीच उठले आणि टपरीवर गेले. तात्या एका मोटरसायकलचं मीटर उघडून बसले होते. एरवी भिंतीवर टांगलेली आमची सहा घड्याळांची फळी आता तिथं नव्हती. मी विचारलं, तुम्ही असं कावून सांगितलंत? रागात माझ्या तोंडून गावचीच भाषा निघाली. ते मान वर न करता म्हणाले, "बस आधी." मी बसले नाही. मग त्यांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "दोघं बी खरे असं लोकान्ला पटत नसतंय. एकाला खोटं व्हावंच लागत व्हतं. मला आता कुठं जायचंय? ह्या टपरीतून घरी. तुला लई उडायचंय. पोरीच्या जातीवर एकदा संशय बसला की उतरत न्हाई."

मी रडायला लागले. म्हटलं, मी आत्ता हॉटेलात जाते आणि सगळं सांगते. त्यावर मात्र ते पहिल्यांदा माझ्यावर रागावले. "मग मी बोललेलं वाया जाईल. आन तू सत्काराला सगळ्या गावाला फसवलंस असं व्हईल. गप्प बसायचं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "इडलीचं बेस बोललीस पन. मला बी हसू आलतं." हे ते माझं समाधान करायला म्हणाले, हे मला कळत होतं. तरी मी ते समाधान घेतलं आणि गप्प बसले. त्यांनी सांगितलं म्हणून गप्प बसले, असं मी बरेच दिवस स्वतःला पटवलं. खरं म्हणजे मला गप्पच बसायचं होतं.

गेल्या हिवाळ्यात तात्या गेले. छातीत दुखायला लागलं आणि बीडला नेईपर्यंत संपलं. मला दहाव्याला पोचता आलं. नदीवर विधी झाल्यावर माणसं माइकवर चार शब्द बोलतात, तसे एकेक जण बोलत होते. तात्या मनानं चांगले होते, थापा मारायचे पण कुणाचं वाईट केलं नाही, अशा धर्तीचं. मला ऐकवेना. मी माइक घेतला आणि सगळं सांगितलं. वाफेची घड्याळं हा जगभरच्या पायलटांचा खरा शब्द आहे. तात्या भांडी घासत नव्हते, ते त्या घड्याळांचे कारागीर होते. मला ढगात वाचवलं ते त्यांच्या शिकवण्यानं. सत्काराच्या दिवशी मला हे सगळं माहीत होतं आणि मी जाणूनबुजून खोटं बोलले. त्यांनी माझं नाव राखायला स्वतःवर खोटेपणा घेतला. एक शब्द गाळला नाही.

लोक डोळे पुसत होते. मला वाटलं, पोचलं. मग अण्णांनी माझ्या हातातला माइक घेतला. त्यांचेही डोळे ओले होते, त्यात नाटक नव्हतं. म्हणाले, "बघा. गुरूवरची माया बघा. मेलेल्या मान्साची अब्रू राखायला पोरगी सोताला खोटी म्हनून घेती. असं मन लाखात एखाद्याचं." माणसांनी माना डोलावल्या. दोघीतिघींनी येऊन माझ्या तोंडावरून हात फिरवला. मी नाही, नाही म्हणत होते, तसतशी त्यांची माया वाढत होती. तात्यांनी स्वतःच्या तोंडानं कबुली दिली होती. तिच्यापुढं माझं म्हणणं कोण धरणार?

निदान काकूंना तरी सांगावं म्हणून मी घरी गेले. काकू म्हणजे तात्यांची बायको. तात्यांच्या सगळ्या नोकरीत त्या वडवणीतच राहिल्या, सासूसासऱ्यांचं करत. हवाई दलाचं क्वार्टर कसलं, विमानसुद्धा त्यांनी जवळून पाहिलेलं नव्हतं. मी त्यांच्यापुढं जमिनीवर बसले आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं. तात्या हॉटेलात भांड्यांचं बोलले ते खोटं होतं, काकू, तात्या खरंच मोठे कारागीर होते. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "वीस वरसं मी बी अभिमानानं सांगत व्हते बाई. त्यान्नी भांड्याचं कबूल केलं तवापासून मला बाहेर तोंड दाखवायची लाज वाटायची. तू आज चार लोकांत त्यान्ला मोठं केलंस. माझ्यासाठी इतकं खोटं बोललीस, तुझे उपकार कसे फेडू?"

मी दर सुट्टीला काकूंकडं जाते आणि पुन्हा सांगते. हवाई दलाचा तो कागद घरात सापडला नाही, म्हणून घड्याळांचे फोटो दाखवते, पुस्तकातला शब्द वाचून दाखवते. त्या चहा करतात, सगळं ऐकून घेतात, आणि शेवटी मला वाईट वाटू नये म्हणून म्हणतात, "बरं, तसं तर तसं."